गाण्याचा अर्थ लावायचा कसा? पहिल्यांदाच निवेदन किंवा रसग्रहण करणाऱ्यांसाठी

आषाढीच्या आदल्या रविवारी सोलापुरात आमच्या नगरातल्या मंदिरात भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. निवेदन माझ्याकडे आलं होतं. प्रत्येक गाण्याआधी दोन मिनिटं बोलायचं, एवढंच काम. ज्ञानेश्वरांच्या 'कानडा वो विठ्ठलु'ची पाळी आली तेव्हा 'खोळ बुंथी घेऊनि खुणेची पालवी' ही ओळ मी मोठ्या हौसेने उलगडून सांगितली: विठ्ठलाच्या खुणा झाडाच्या कोवळ्या पालवीसारख्या मनात फुटतात. टाळ्याही पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत होते. भजनी मंडळातले एक अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. काही न बोलता त्यांनी हात पुढे केला, तळवा खाली, आणि लांबच्या पोराला 'ये, ये' म्हणून बोलवावं तशी बोटं दोन-तीनदा आत मिटली. मग म्हणाले, "ताई, ही पालवी. पालवतो म्हणजे हाताने खुणावून बोलावतो. पानाचा इथं काय संबंध नाही."

घरी येऊन कोश उघडला. अण्णांचंच बरोबर होतं. ओळीत 'पालवी' हे क्रियापद आहे. तो देव खोळ-बुंथी अंगावर ओढून, स्वतःला झाकून, नुसतं खुणेने बोलावतो. आणि पुढच्याच शब्दांत, 'आळविल्या नेदी सादु', आपण हाक मारली तर ओ देत नाही. केवढी तगमग आहे त्या ओळीत! मी ती सगळी पुसून तिथे एक झाड लावून ठेवलं होतं.

त्यानंतर गाण्याचा अर्थ लावायची एक पद्धत मी स्वतःला लावून घेतली. कुणाला शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायचं असतं, कुणाला रसग्रहण स्पर्धेत उतरायचं असतं, कुणाला रोज कानावर पडणारं गाणं एकदा नीट समजून घ्यायचं असतं. त्यांच्यासाठी ती इथे क्रमाने देते.

आधी जवळ काय हवं

- एक वही. मोबाइलमध्ये टिपण करू नका, कारण खाडाखोड दिसायला हवी.
- कानात घालायचे साधे इअरफोन.
- गाण्याचे छापील किंवा खात्रीचे शब्द. संतरचना असेल तर सार्थ गाथा. भावगीत-चित्रपटगीतासाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ चांगलं आहे, कवी-संगीतकारांची नावंही तिथे मिळतात.
- शब्दकोश. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात फुकट शोधता येतात. पुस्तक हातात घेऊन बसायची सवय असेल तर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी जाऊन संदर्भाच्या पुस्तकांची चौकशी करा.
- दोन-तीन माणसं. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. माझ्या मते कोशाइतकंच महत्त्वाचं साधन तेच आहे.

१. कानाने लिहा, मग छापील शब्दांशी ताडून पाहा

गाणं दोनदा सलग ऐका. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत, जसं ऐकू येईल तसं लिहून काढा. मग छापील शब्द शेजारी ठेवा. जिथे जिथे फरक पडेल तिथे खूण करा. बहुतेक वेळा अडचणीचे शब्द तिथेच सापडतात, कारण अनोळखी शब्द आला की कान त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवून मोकळा होतो.

ज्ञानेश्वरांचंच 'पैल तो गे काऊ कोकताहे' घ्या. पैल, म्हणजे पलीकडे, तो कावळा ओरडतो आहे; 'गे' म्हणजे 'अगं', सखीला मारलेली हाक. चालीत हे शब्द एकमेकांना चिकटतात आणि ऐकणाऱ्याला 'पैलतोगे' असा एकच गूढ शब्द ऐकू येतो. त्याच गाण्यात 'पंढरीराऊ घरा कैं येती' आहे. आमच्याकडे निम्मे लोक ते 'काय येती' असं म्हणतात. 'कैं' म्हणजे कधी. पंढरीचा पाहुणा येणार हे गाण्यातल्या बाईने धरलेलंच आहे, कधी येणार एवढंच ती कावळ्याला विचारते आहे. एका अनुस्वारासकट दोन मात्रांत सगळी ओढ बदलते.

अजून एक गोष्ट. जुनी तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटंच वाजायची, त्यामुळे लांब रचनेतली काही कडवी गाण्यात येतच नाहीत. गायलेल्या भागावरून अर्थ लावण्याआधी मूळ रचना पूर्ण वाचा.

२. कोण बोलतंय आणि कुणाशी?

वहीत सगळ्यात वर हे लिहायचं. कवीचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव वेगवेगळ्या ओळींत लिहा, म्हणजे घोळ होणार नाही.

मराठीत ही सोय फार छान आहे, क्रियापदच लिंग सांगतं. त्याच 'कानडा वो विठ्ठलु'मध्ये 'पाया पडू गेले' आहे, 'ठकचि पडिले' आहे, आणि पुढे 'मीचि मी एकली'. गेले, पडिले, एकली: रचना ज्ञानेश्वरांची, पण बोलणारी बाई आहे. ती विरहिणी आहे. हे कळलं की 'क्षेम देऊ गेले' ही ओळ आपोआप जागेवर बसते. 'क्षेम' आपल्याला 'क्षेमकुशल'मधला माहीत असतो. जुन्या मराठीत क्षेम देणे म्हणजे मिठी मारणे. ती मिठी मारायला जाते आणि मिठीत दुसरं कुणी नाहीच, आपण एकटीच. ही ओळ मी पहिल्यांदा समजून वाचली तेव्हा वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

३. ओळखीच्या शब्दांवर आधी संशय घ्या

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. अवघड शब्द आपण कोशात बघतोच. सोपा वाटणारा शब्द कुणी बघत नाही, आणि फसवतो तो सोपाच. पालवी आणि क्षेम ही दोन उदाहरणं वर आलीच. आणखी काही:

'जीवा पढिये त्याची गोडी सांग वेगी', हे पुन्हा कावळ्याच्याच गाण्यातलं. 'पढिये' वाचून पढणं, पाठ करणं डोक्यात येतं. तो अर्थ नाही. पढिये म्हणजे आवडतो, लाडका वाटतो.

'खोळ' शब्द आपल्याकडे गादीच्या नाहीतर उशीच्या अभ्र्याला अजून वापरतात. पण पावसात घोंगडीचा कोपरा दुमडून डोक्यावरून घेतात, तीही खोळच. शेताकडच्या माणसाला हा अर्थ चटकन कळतो. देवाने अंगावर घेतलेली खोळ तशी आहे, चेहरा न दिसू देणारी.

सोलापूरचे शाहीर राम जोशी यांची एक प्रसिद्ध रचना आहे, 'हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी'. काही जण 'पटा' म्हणजे पट्टा समजतात, कुणी तलवारीचा पटा समजतो. पट म्हणजे वस्त्र. हट्टाने कपडे रंगवून, जटा वाढवून साधूचं सोंग कशाला घेतोस, असं ते विचारतात. कापड विणणाऱ्या आणि रंगवणाऱ्या गावातल्या माणसाने लिहिलेली ही ओळ आहे हे लक्षात ठेवून पुन्हा वाचून बघा.

करायचं काय, तर प्रत्येक ओळीतले जे शब्द 'हे तर येतंच' असे वाटतात, त्यातले निदान दोन कोशात बघायचे. गाणं जुनं असेल तर चार.

४. काळ, जागा, प्रसंग

'भेटेन नऊ महिन्यांनी'. एवढेच शब्द कुणी नव्या मुलाला ऐकवले तर त्याला वाटेल, नोकरीला नाहीतर लढाईला निघालेला कुणीतरी नऊ महिन्यांनी परत येणार आहे. सोलापूरचे कवी कुंजविहारी यांचं हे गाणं आहे. बोलणारा फाशी जाणारा क्रांतिकारक आहे, आणि समोर आहे त्याची आई. शोक आवर, नऊ महिन्यांनी भेटेन, असं तो तिला सांगतो. म्हणजे पुन्हा तुझ्याच पोटी जन्म घेईन. प्रसंग कळल्याशिवाय 'नऊ' हा आकडा नुसता आकडाच राहतो.

ज्या गावाने १९३० साली मार्शल लॉ पाहिला आणि ज्याचे चार जण, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फासावर गेले, त्या गावात हे गाणं ऐकताना आवाज आपोआप खाली येतो. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याने ते एकदा शांतपणे ऐकावं. मात्र इथे एक सावधगिरी बाळगा. गाण्याचा काळ आणि गावातली घटना शेजारी ठेवणं वेगळं, आणि 'हे गाणं त्यांच्यावरच लिहिलं' असं ठोकून देणं वेगळं. तसा पुरावा हातात असेल तरच बोला.

चित्रपटगीत असेल तर चित्रपटातला प्रसंग बघा. भाऊबीजेला घरोघरी लागणारं 'सोनियाच्या ताटी' हे 'भाऊबीज' चित्रपटासाठी कवी संजीव यांनी लिहिलेलं आहे. तेही आपल्या सोलापूरचेच. त्यातल्या 'वेड्या' बहिणीला कुणी वेडसर समजत नाही, कारण मराठीत माया वेडीच असते; पण परभाषिक मित्राला समजावताना मात्र हा शब्द आवर्जून उलगडावा लागतो.

कवीच्या नावावरूनही फसू नका. राम जोशी म्हटलं की 'सुंदरा मनामधि भरली' आठवते, म्हणून त्यांचं सगळंच शृंगाराचं असं धरून चालणारे भेटतात. वरची 'हटातटाने' त्यांचीच आहे, आणि ती खडखडीत उपदेशाची आहे.

५. उपमा ज्या धंद्यातली, त्या धंद्यातल्या माणसाला विचारा

'एक धागा सुखाचा' हे गदिमांचं गाणं मी लहानपणापासून ऐकत आले. आयुष्य म्हणजे वस्त्र, सुखाचा एक धागा, दुःखाचे शंभर. अर्थ सरळ आहे, त्यात विचारायचं काय, असं वाटायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मामा राहतात. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं, त्याआधी लहानपणी घरच्या हातमागावर बसायचे. एकदा त्यांच्यासमोर हे गाणं लावलं आणि विचारलं, काय वाटतं? ते पूर्ण ऐकून म्हणाले, "त्यात 'एकसारखी नसती दोन' म्हणलंय बघा. हे हातमागाचं गाणं हाय. आमच्या यंत्रमागावर एक चादर बघितली की पुढच्या शंभर बघितल्यासारख्याच. हातमागावर तसं न्हाई. सकाळचा हात येगळा, जेवून आल्यावरचा येगळा. धोटा जरा जोरात गेला, फणी जरा हळू बसली, की कापडात दिसतंय. इणणाऱ्याला कळतंय, घेणाऱ्याला न्हाई."

धोटा म्हणजे आडवा धागा नेणारा, फणी तो धागा ठोकून बसवणारी. सकाळचा हात वेगळा, जेवून आल्यावरचा वेगळा! ती ओळ मी किती वर्षं नुसती 'प्रत्येकाचं नशीब वेगळं' एवढ्यावर सोडून देत होते. मामांच्या बोलण्यानंतर तिच्यात विणणाऱ्याचा हात दिसायला लागला. आणि त्या कडव्यात पुढे गाणं नेमकं विणकऱ्याच्या हातांकडेच जातं, जे कुणालाच दिसलेले नाहीत.

म्हणून जात्याची ओवी असेल तर जातं ओढलेल्या आजीला विचारा. नांगर, मोट, पाभर असेल तर शेतकऱ्याला विचारा. गाण्याचा अर्थ काय असं विचारू नका, माणसं बिचकतात. "हे काम कसं करतात?" एवढंच विचारा. अर्थ त्या उत्तरात असतो.

६. किल्ली पुष्कळदा गाण्यातच ठेवलेली असते

एकनाथांचं 'विंचू चावला' हे भारूड रंगमंचावर सुरू झालं की लोक हसायला लागतात, कारण सोंग घेणारा कलाकार लोळतो, किंचाळतो, उड्या मारतो. पण नाथांनी दुसऱ्याच पायरीवर सांगून टाकलंय, 'कामक्रोध विंचू चावला'. कोडं घालून लगेच उत्तरही दिलं. त्यानंतरचा प्रत्येक शब्द या किल्लीने उघडून बघायचा. 'तम घाम अंगासी आला': घाम साधा नाही, तमाचा आहे. उतारा काय? 'तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा.' विंचू उतरवणारा मांत्रिक अंगारा लावतो, तीच रीत, फक्त अंगारा सत्त्वगुणाचा.

मला सगळ्यात जास्त आवडते ती शेवटाकडची 'किंचित राहिली फुणफुण'. विंचू उतरल्यावरही त्या जागी बराच वेळ फुणफुण होत राहते. ज्याला विंचू चावलाय त्याला हे सांगावं लागत नाही, आणि आपल्या कोरडवाहू भागात दगड उचलताना विंचू निघणं काही नवलाचं नाही. सगळे उपाय झाले, तमोगुण गेला, तरी थोडं उरलंच. ते शांत केलं 'जनार्दने'. इथे जनार्दन म्हणजे विष्णू असं सांगून मोकळं होऊ नका. जनार्दनस्वामी हे नाथांचे गुरू, आणि 'एका जनार्दनी' ही तर नाथांची नाममुद्रा, म्हणजे रचनेतच घातलेली सही. शेवटच्या ओळीत गुरूचे आभार आहेत.

नाममुद्रेचं हे सगळ्याच संतांना लागू आहे. ज्ञानेश्वरांच्या रचनेत शेवटी 'बापरखुमादेवीवरु' येतं ते विठ्ठलाचं संबोधन असलेली त्यांची खूण आहे; त्यातल्या 'बाप' शब्दावरून त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगायला लागलात तर गाणं हातातून गेलं.

७. जिथे अर्थ नाही तिथे ओढूनताणून आणू नका

'ऐलमा पैलमा', 'अक्कण माती चिक्कण माती' हे हादग्याचे शब्द फेर धरायला, ताल पकडायला आहेत. 'अक्कण'मध्ये गूढ शोधण्यात अर्थ नाही. काही अक्षरं पायांसाठी असतात.

पण हा निकाल घाईने देऊ नका. नवरात्राच्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्मा खेळतात, फुलांच्या रचलेल्या ढिगाभोवती फेर धरून. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो' येतं. मी ते वर्षानुवर्षं नुसता हेल समजत होते. शेवटी शेजारच्या अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "उय्याला म्हणजे झोका, पाळणा." बायका गोल फिरताना वाकतात, टाळी देतात, सरळ होतात. तो झोकाच आहे. तीन भाषांच्या गावात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. 'निरर्थक' असं वहीत लिहिण्याआधी शेजारचं दार वाजवून बघा.

८. दोन अर्थ उरले तर दोन्ही ठेवा

'कानडा वो विठ्ठलु करनाटकु'. सोलापूरच्या माणसाला हा शब्द सरळ लागतो. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कन्नडमध्ये. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, कन्नड बोलणारे वारकरी दर वारीला दिसतात. तेव्हा विठ्ठल कानडा, म्हणजे कर्नाटकाचा, यात आपल्याला नवल वाटत नाही.

पण जुन्या मराठीत 'कानडा' शब्द 'कळायला अवघड' अशाही अर्थाने येतो, आणि 'करनाटकु' म्हणजे नाटक करणारा, लीला दाखवणारा, असंही अभ्यासक सांगतात. आता बाकीची रचना बघा: तो खुणावतो पण ओ देत नाही, पाया पडायला जावं तर पाऊल दिसत नाही, समोर उभा की पाठमोरा तेही कळत नाही. न कळणारा आणि नाटकी, हा अर्थ पूर्ण रचनेत घट्ट बसतो. मला तो जवळचा वाटतो. म्हणून पहिला चूक ठरत नाही. कानाला आधी तोच भेटतो, आणि एका शब्दात दोन्ही मावणं हेच त्या ओळीचं बळ आहे. निवेदनात 'खरा अर्थ असा' म्हणण्याऐवजी 'असाही आणि असाही' म्हणा, आणि तुम्हाला कुठला पटतो व कोणत्या ओळीमुळे पटतो ते सांगा. ओळ दाखवता आली नाही तर तो अर्थ आपल्या मनातला समजावा आणि वहीतच ठेवावा.

९. बोलण्याची चिठ्ठी

दोन मिनिटांत पूर्ण गाण्याचा अर्थ सांगायला जाऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर फक्त चार गोष्टी लिहा: कवी आणि गायक, बोलणारं कोण व कुणाशी, प्रसंग, आणि नीट उलगडलेला एकच शब्द. बाकीचं गाणं गायकाला सांगू द्या.

चिठ्ठी तयार झाली की कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी गाणं ज्याला पाठ आहे अशा एका माणसाला ती वाचून दाखवा. माझ्या चिठ्ठ्या आता अण्णांकडे जातात. ते सकाळी सातच्या आरतीनंतर मंदिराच्या कट्ट्यावर बसलेले असतात. मागच्या महिन्यात त्यांनी पाचपैकी दोन परत पाठवल्या, दोन्हीत एकेका शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून.